चालू झाले म्हणजे ठीक झाले का?

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत नवा संगणक येतो, तो लोकवर्गणीतून, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून किंवा एखाद्या लोकप्रतिनिधीच्या निधीतून. खोकी उघडली जातात, नारळ फुटतो, जोडणी करायला आलेला मुलगा वायरी लावतो आणि पडदा उजळतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरे दिसत असतात : विंडोज सक्रिय करा. देणगीदारांसमोर ही अक्षरे मुख्याध्यापकांना खटकतात. मुलगा खिशातून पेनड्राइव्ह काढतो. "दोन मिनिटं सर, अँटिव्हायरस बंद करून घेतो, उगंच ओरडत राहतंय ते," असे म्हणतो. एक काळी चौकट क्षणभर उघडते आणि मिटते, संगणक एकदा बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि अक्षरे गेलेली असतात. "झालं बघा चालू!" मग चहा येतो.

हा प्रसंग आम्ही स्वतः चार वेळा तरी पाहिला आहे. त्यांपैकी दोन वेळा चहा आम्हीच सांगितला होता. तेव्हा पुढे जी टीका करणार आहोत, ती दुसऱ्या कोणावर तरी आहे असे वाचकांनी समजू नये.

टीका आहे ती 'चालू झालं ना, मग झालं' या वाक्यावर. आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, विकत न घेता वापरणे ही चोरी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर प्रवचन देण्याची आमची इच्छा नाही आणि, वर कबूल केल्याप्रमाणे, तेवढा अधिकारही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. विज्ञान शिकवणारी माणसे ज्या तर्काला वर्गात एक गुणही देणार नाहीत, तो तर्क संगणकाच्या खोलीत शिरताच आपण बिनतक्रार मान्य करतो. दुधना नदीचे पाणी पेल्यात धरले, ते स्वच्छ दिसले, म्हणून ते पिण्यायोग्य आहे असे सातवीतल्या मुलाने लिहिले तर आपण काय करतो? 'दिसणे' आणि 'असणे' यांतील फरक त्याला समजावून देतो, पाण्याची जंतुपरीक्षा कशी करतात ते सांगतो. अक्षरे गेली, संगणक चालला, ही पेल्यातल्या पाण्याची पारदर्शकता झाली. ती परीक्षा ज्या गोष्टीची आहे ती गोष्ट आपल्याला विचारायचीच नव्हती.

विचारायची गोष्ट अशी की, त्या काळ्या चौकटीने नेमके केले काय? त्यासाठी 'सक्रिय करणे' म्हणजे काय ते थोडे मुळापासून पाहू.

विंडोज ९५ या प्रणालीच्या चकतीबरोबर दहा अंकांची एक किल्ली येत असे : आधी तीन अंक, मध्ये आडवी रेघ, मग सात अंक. संगणक ही किल्ली कोणाला विचारून तपासत नसे. त्या काळी विचारायला जाण्याची सोयही नव्हती. तो फक्त एक हिशेब करी. शेवटच्या सात अंकांची बेरीज सातने भागली जाते का? सात वेळा १ लिहिले तर बेरीज ७, किल्ली चालली. १२३४५६७ लिहिले तर बेरीज २८, तीही चालली. विभाज्यता शिकवताना हे उदाहरण आम्ही वर्गात देतो आणि मुलांना फार आवडते. सातातली सरासरी एक संख्या आपोआप 'खरी' ठरत असेल, तर किल्ल्या बनवणारी आज्ञावली लिहिणे हे शाळकरी मुलाचेही काम झाले. त्या काळातील 'कीजेन' नावाची साधने पुष्कळदा अशीच होती. ती एक संख्या छापत आणि संपत. त्यांना तुमच्या संगणकात राहण्याचे काही कारण नसे.

२००१ साली विंडोज एक्सपी आली आणि हा खेळ बदलला. आता किल्ली आणि संगणकाच्या भागांवरून काढलेली एक खूण कंपनीकडे जाऊ लागली आणि कंपनीकडून तिची मान्यता परत येऊ लागली. ही मान्यता अंकीय सहीसारखी असते. तिच्यामागचे गणित असे की, सही खरी आहे की नाही हे कोणालाही तपासता येते, पण तशी सही करणे मात्र गुप्त संख्या जवळ असल्याशिवाय जमत नाही. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आणि गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण, या जातीची ही असमानता आहे. त्यामुळे खोटी सही तयार करण्याचा मार्ग बंद झाला. उरले दोन मार्ग. एक तर सही तपासणाऱ्या कारकुनालाच फितवायचे, म्हणजे प्रणालीच्या अंतर्भागात फेरफार करायचा. किंवा खोटे कार्यालयच थाटायचे.

हे खोट्या कार्यालयाचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे, कारण आज पेनड्राइव्हवरून फिरणारी बहुतेक साधने त्याच जातीची आहेत. ज्या संस्थेत शेकडो संगणक असतात, तिने प्रत्येक संगणकासाठी वेगळी किल्ली सांभाळणे कटकटीचे. म्हणून २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने मोठ्या ग्राहकांसाठी एक व्यवस्था आणली. तिचे नाव केएमएस. संस्थेच्या आतच एक संगणक 'कार्यालय' म्हणून नेमायचा. बाकीचे संगणक त्याच्याकडे हजेरी लावतात आणि मान्यता घेतात. किमान २५ संगणकांनी हजेरी लावली तरच हे कार्यालय नेहमीच्या विंडोजला मान्यता देऊ लागते. मान्यता १८० दिवसांची असते आणि संगणक दर सात दिवसांनी ती नवी करून घेण्याचा प्रयत्न करतो. चोरटे साधन काय करते? तुमच्याच संगणकात एक बनावट कार्यालय उघडून बसते आणि २५ जणांची हजेरी झाली अशी थाप मारते. बिचारी विंडोज आपल्याच घरातल्या भामट्याकडे दर आठवड्याला जाऊन सलाम करून येते.

इथे कीजेनच्या काळापासून पडलेला मोठा फरक लक्षात येईल. मान्यता कायमची नसल्यामुळे हे साधन काम आटोपून निघून जाऊ शकत नाही. त्याला तुमच्याकडे मुक्काम करावा लागतो, आणि संगणक चालू झाला की आपणही जागे होऊ अशी तजवीज करून ठेवावी लागते. त्याला संगणकाचे सर्वाधिकार लागतात. त्याशिवाय प्रणालीच्या या भागाला हात लावता येत नाही. आणि पहारेकऱ्याने आडवे येऊ नये म्हणून विषाणुरोधक आज्ञावलीला सांगावे लागते की अमुक कप्प्याकडे यापुढे बघायचे नाही. लोक याला कुलूप उघडून देणारी किल्ली म्हणतात. आम्हाला तो कुलूप उघडून घरात कायमचा राहायला आलेला पाहुणा वाटतो. ज्याचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि ज्याच्या सांगण्यावरून आपण कुत्रा बांधून ठेवला आहे.

यावर जाणकार तरुण एक उत्तर देतात आणि ते पूर्णपणे चुकीचे नाही. ते म्हणतात, "अँटिव्हायरस ओरडतो तो विषाणू सापडला म्हणून नव्हे. 'हॅकटूल' असं नाव दाखवतो, म्हणजे फक्त चोरीचं हत्यार. संगणकाला त्याचा त्रास नसतो." खरे आहे. अशा साधनांतली काही निव्वळ चोरीची हत्यारे असतात आणि विषाणुरोधक आज्ञावली त्यांना त्याच नावाने ओळखतात. पण याच खऱ्या गोष्टीमुळे संकट वाढते. 'लांडगा आला रे' ची गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्यात मुलगा खोटे ओरडून गावाचा विश्वास गमावतो. इथे आपण एक पायरी पुढे गेलो आहोत. ओरडणे खोटेच असणार असे आधीच ठरवून मुलाच्या तोंडाला फडके बांधले आहे. साधनाबरोबर लांडगा आला असेल तर तोही तसेच ओरडवणार आणि नाही आला तरी साधन तसेच ओरडवणार. दोन्ही वेळी एकच लक्षण दिसत असेल तर त्या लक्षणावरून काहीही ठरवता येत नाही, हे प्रयोगशाळेत कोणालाही पटेल. आणि लांडग्यांना हे आपल्याआधी समजले आहे.

चोरून केलेली प्रत आणि संगणकाचा विषाणू यांचे नाते जुने आहे. आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरचा पहिला विषाणू 'ब्रेन' हा १९८६ साली लाहोरमध्ये बसित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिला. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती निघतात, त्यांना चाप बसावा म्हणून तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे होते. विषाणूच्या पोटात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. चकत्यांच्या प्रती हातोहात जगभर गेल्या आणि त्यांच्याबरोबर विषाणूही गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत ही साथ आपल्याकडेही आली. पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात येणारे कितीतरी संगणक विषाणूंनीच बिघडलेले असत. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उपाय म्हणून आज्ञावली लिहिली आणि १९९५ मध्ये 'क्विक हील' बाजारात आले. एक मराठी उद्योग या साथीच्या उपचारातून उभा राहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच क्विक हीलच्याही चोरट्या किल्ल्या लोक शोधत असतात, हे मात्र सांगताना जरा ओशाळायला होते. पहारेकऱ्याचा पगार बुडवून त्याच्याकडून इमानदारीची अपेक्षा करणे हा प्रकार आम्हाला अजून उमगलेला नाही.

ब्रेन तसा निरुपद्रवी होता. आजचे पाहुणे तसे नाहीत. 'केएमएसपिको' हे या धंद्यातील एक प्रसिद्ध साधन. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा-संस्थेने दाखवून दिले की त्याच्या नावाने मिळणाऱ्या बनावट प्रतींतून 'क्रिप्टबॉट' नावाचा चोर संगणकांत शिरतो आहे. तो पडद्यावर काहीच करत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले परवलीचे शब्द, म्हणजे पासवर्ड, आणि लॉग-इनच्या खुणा गोळा करतो, पडद्याचे चित्र काढतो आणि सगळे आपल्या मालकाला पाठवून देतो. यातील लॉग-इनच्या खुणा विशेष महत्त्वाच्या. आपण एकदा ओटीपी देऊन आत गेलो की ब्राउझर 'हा माणूस ओळखीचा आहे' अशी चिठ्ठी जपून ठेवतो. चोराने ती चिठ्ठीच नेली तर बऱ्याच ठिकाणी त्याला ओटीपी विचारलाच जात नाही. एप्रिल २०२३ मध्ये गूगलने या क्रिप्टबॉटच्या वितरकांविरुद्ध अमेरिकेत दावा लावला, तेव्हा मागील वर्षभरात सुमारे ६ लाख ७० हजार संगणकांना त्याची बाधा झाल्याचे सांगितले होते. आणि डिसेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी एका लिथुआनियन नागरिकावर कारवाई केली. केएमएसऑटो या दुसऱ्या साधनाच्या रूपात त्याने आभासी चलन चोरणारी आज्ञावली सुमारे २८ लाख संगणकांपर्यंत पोचवली, असा त्याच्यावर आरोप आहे. या दोन्ही प्रकारांत संगणक उत्तम चालत होते. अक्षरेही गेली होती.

जो पाहुणा आपली ओळख करून देतो तो वेगळा. त्याची आमची गाठ २०२१ च्या जून महिन्यात पडली.

वाचकांना आठवत असेल, त्या वर्षी करोनामुळे दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली होती आणि निकाल शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनावरून लावायचा होता. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ यांचे २०. गुणांचे तक्ते आमच्या शाळेतल्या एका संगणकावर तयार होत होते. मध्येच विंडोजमध्ये कसलीशी सुधारणा बसली आणि पुसट अक्षरे पुन्हा उमटली. टाळेबंदीत जोडणीवाल्या मुलाला बोलावणे शक्य नव्हते. आम्ही स्वतःच इंटरनेटवर शोधून साधन उतरवले. ते पासवर्ड लावलेल्या गाठोड्यात होते आणि पासवर्ड शेजारीच लिहिलेला होता. त्या वेळी ही सोयच वाटली. गाठोडे बांधून त्याला पासवर्ड घातला की विषाणुरोधक आज्ञावलीला आत डोकावता येत नाही, हे नंतर कळले. पहारेकऱ्याला आम्ही स्वतःच्या हाताने बंद केले. अक्षरे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे चिकटलेली होती आणि प्रत्येक कप्प्यात एक चिठ्ठी होती : ९८० डॉलर द्या, तीन दिवसांत संपर्क साधलात तर ४९०.

नंतर घडले म्हणून त्यामुळेच घडले, असे विज्ञानात म्हणता येत नाही. परंतु हा 'स्टॉप' किंवा 'डेजाव्हू' नावाचा खंडणीखोर २०१८ पासून मुख्यतः क्रॅक आणि कीजेन यांच्यातूनच पसरत आला आहे, आणि त्याची मागणी नेमकी याच रकमांची असते. त्याची रीत अभ्यासण्यासारखी आहे. संपूर्ण फाइल कुलूपबंद करायला वेळ लागतो, म्हणून तो प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे किलोबाइटचा भागच बंद करतो. गुणांचे तक्ते, दाखले, पत्रे यांच्या फाइली बहुधा एवढ्याच किंवा याहून लहान असतात, म्हणजे त्या पूर्ण गेल्या. विज्ञान प्रदर्शनाच्या मोठ्या चित्रफिती मात्र एका माजी विद्यार्थ्याने बऱ्याच अंशी परत मिळवून दिल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने या खंडणीखोराच्या १४८ प्रकारांवर मोफत उतारा काढला होता, पण त्याआधीच चोरांनी आपली कुलपे सुधारली होती आणि नव्या प्रकारांपैकी बहुतेकांना तो लागू पडत नाही. आम्हालाही पडला नाही.

मुलांचे गुण वाचले, ते आमच्या एका सहकारी बाईंमुळे. बाईंचा संगणकावर विश्वास नव्हता. त्यांनी सगळे गुण दोनशे पानी वहीत शाईने उतरवून ठेवले होते. त्याबद्दल स्टाफरूममध्ये त्यांची थट्टाही झाली होती. ती करणाऱ्यांत आम्ही होतो.

शाळेच्या संगणकात असते तरी काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. बँकेचे खाते नाही, कंपनीची गुपिते नाहीत. जरा आठवून पाहावे. 'सरल'ची माहिती त्यावरूनच भरली जाते, यू-डायस प्लसही त्यावरूनच आणि शालार्थची पगारबिलेही त्यावरूनच. म्हणजे प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, जात, पत्ता, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी बँक खाते. आणि या सर्व ठिकाणांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले, कारण शेवटच्या तारखेच्या रात्री ते आठवत बसायला कोणाला वेळ असतो? व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील सर्वांना मूल मानतो आणि त्यांच्या माहितीला वेगळी जपणूक देतो. आपण स्वतःच्या घरच्या संगणकावर चोरटे साधन चालवतो तेव्हा निदान आपलेच पणाला लावतो. शाळेत आपण सहाशे मुलांचे पणाला लावतो, आणि त्यांपैकी एकालाही विचारलेले नसते.

आता दोन आक्षेप. पहिला असा : अधिकृत मार्गाने घेतलेली आज्ञावली तरी कुठे सुरक्षित असते? हा आक्षेप वजनदार आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम संगणक बंद पडल्याने ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज उद्योगसमूहाकडून चालवले जाई आणि त्या दिवशी मर्स्कचे जगभरातले संगणक 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्यात कोसळले होते. कंपनीला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. हा हल्ला कोणत्याही चोरट्या साधनातून आलेला नव्हता. युक्रेनमधील हिशेबाच्या एका अधिकृत आज्ञावलीच्या अधिकृत सुधारणेतूनच तो पसरला. केन थॉम्प्सन या शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये छापून आलेल्या आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हेच दाखवले होते : जी आज्ञावली आपण स्वतः पूर्णपणे लिहिलेली नाही, तिच्यावर अखेर विश्वासच ठेवावा लागतो, नुसती वाचून ती निर्धोक ठरवता येत नाही.

मग फरक काय राहिला? फरक असा की, विश्वास ठेवावाच लागत असेल तर तो कोणावर आहे हे तरी माहीत असावे. न्हावाशेव्याच्या प्रकरणात आज्ञावली कोणाची, सुधारणा कोणत्या दिवशी गेली, भोक कुठे पडले हे शोधता आले, कारण सगळ्यांना नाव-गाव होते. पेनड्राइव्हवरच्या साधनाचा कर्ता कोण? त्याची मूळ प्रत कोणती आणि भेसळीची कोणती, हे कशाशी ताडून पाहायचे? 'खऱ्या' चोरट्या साधनाची खात्री देणारी संस्था अस्तित्वात नाही आणि असू शकत नाही. औषधाच्या दुकानातली बाटलीही क्वचित सदोष निघते, म्हणून कोणी एसटी स्टँडवर बिनचिठ्ठीची बाटली घेऊन पीत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि इथे आमची टीका शिक्षकांपेक्षा वरच्यांवर अधिक आहे. देणगीदार संगणक देतो, निधीतून संगणक येतो. मोजले जातात ते संगणक. 'दहा संगणकांची प्रयोगशाळा' असा फलक लागतो. त्यावर चालायच्या आज्ञावलीचा खर्च त्या कागदात पुष्कळदा नसतोच आणि तो कोणी विचारत नाही. रॉकेल न देता कंदील वाटावेत तसे हे आहे. मग शिक्षकाने काय करावे, अशी अपेक्षा असते? मराठी टंकलेखनातही हेच झाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, या आज्ञावलींनी मराठी छपाई संगणकावर आणली. त्यांची नक्कल होऊ नये म्हणून संगणकामागे लावायचे 'लॉक' त्यांच्याबरोबर येई. लॉकशिवाय चालणाऱ्या प्रती गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांत पोचल्या, आणि आपल्या घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षे तिथेच टंकल्या गेल्या. मराठी अक्षरे घडवण्याचे कष्टाचे काम करणाऱ्या मोजक्या मराठी माणसांचे पैसे आपणच बुडवले. त्या प्रश्नपत्रिका आज उघडल्या तर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते, कारण तो फाँट नसेल तर मजकूरही नाही. वास्तविक देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले होते आणि इनस्क्रिप्ट कळफलकही त्याच वर्षी भारतीय मानक म्हणून ठरला होता. आज दोन्ही प्रत्येक संगणकात फुकट आहेत.

फुकट आणि चोरटे यांत फरक आहे, हे केरळने फार पूर्वी ओळखले. तिथला 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. पुढे त्या राज्यातल्या सरकारी शाळा मुक्त आज्ञावलींवर आल्या आणि २०१७ पासून 'काईट' ही सरकारी कंपनी लिनक्सवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना पुरवते. आपल्याकडे सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली २००७ पासून आहे. लिबरऑफिसचे पडदे मराठीत आहेत. जिओजेब्रा आणि स्टेलॅरियम ही गणिताची आणि आकाशदर्शनाची साधने कोणाकडून चोरावी लागत नाहीत. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात यांतील अनेकांचे मराठी धडे विनामूल्य मिळतात. मुलांना पुढे नोकरीत विंडोजच लागेल, हे म्हणणे अर्धे खरे आहे. एमएस-सीआयटी करताना तो सराव होतोच. तक्ता कसा मांडायचा हे एकदा कळले की कोणत्या कंपनीच्या पडद्यावर मांडला याने फारसे बिघडत नाही.

कायद्याचेही सांगून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ब आले. संगणकाच्या आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते, तरी ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. शाळेवर असा खटला झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि या भीतीने कोणी साधन वापरायचे थांबले आहे असेही नाही. ज्यांच्या संगणकात पाहुणा आहे अशी शंका असेल, त्यांनी आधी दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून किंवा मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलावेत आणि उघड्या राहिलेल्या सर्व लॉग-इनमधून बाहेर पडावे. मग कामाच्या फाइली वेगळ्या काढून प्रणाली नव्याने घालावी. नुसते साधन पुसून भागत नाही, कारण त्याने आणखी काय आणून ठेवले ते त्याला ठाऊक. भारत सरकारच्या सर्ट-इनचे 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून तपासणीची मोफत साधने देते. पैसे गेले असतील तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा.

आमच्या शाळेत सध्या सहा संगणक चालू आहेत. चारांवर लिनक्स घातली. एकासाठी पालकांच्या वर्गणीतून विंडोजचा रीतसर परवाना घेतला, कारण जुना स्कॅनर लिनक्सवर काही केल्या चालेना. सहाव्यावर पुसट अक्षरे तशीच आहेत. परवान्याच्या दृष्टीने तेही योग्य नाही, म्हणून त्याचा विषय व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवला आहे आणि तोपर्यंत त्यावर मुलांची कोणतीही माहिती भरत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणण्याचे कामही चालू आहे. बदलून देणारी आज्ञावली आहे, पण ती 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' यांची जोडाक्षरे हटकून बिघडवते, ती हाताने दुरुस्त करावी लागतात. नववीचे झाले, दहावीचे दिवाळीच्या सुट्टीत करायचे आहे. बाईंची दोनशे पानी वही अजून चालू आहे, आणि आता तिची थट्टा कोणी करत नाही.